डबीवरचा आकडा आणि पारखीची नजर

सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो, हिऱ्यासोबत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र येते. १ एप्रिल २०२३ पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक अनिवार्य झाला आहे. कामोठ्यातील सराफी घरात वाढलेल्या मुलाला हे निराळे सांगावे लागत नाही. तोच मुलगा क्रिकेटपटूंची कार्डे जमवू लागतो आणि कठीण प्लास्टिकच्या डबीत सील केलेले, ‘दहापैकी दहा’ गुणांचे कार्ड परदेशातून मागवण्याचा हट्ट धरतो, तेव्हा वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो: कागदाच्या या तुकड्यावर मोहोर उठवली कोणी, आणि तिचा भरवसा किती?

ही पद्धत नाण्यांच्या बाजारातून आली. अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस या संस्थेने नाण्यांची श्रेणी ठरवून ती सीलबंद करण्यास प्रारंभ केला. १९९१ मध्ये तिच्याच परिवारातील पीएसए या संस्थेने खेळाडूंच्या कार्डांसाठी तोच मार्ग धरला. चित्र नेमके मध्यभागी छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा आणि पृष्ठभाग निर्दोष आहेत का, हे भिंगातून पाहून एक ते दहा गुण दिले जातात. नकली, कडा कापलेल्या किंवा रंग भरलेल्या कार्डाला गुण नाकारले जातात. पात्र कार्ड डबीत सील होते व त्याचा क्रमांक नोंदला जातो. अमेरिकेत १९८० पासून भरत आलेल्या ‘नॅशनल’ या संग्राहक प्रदर्शनात अशा संस्था आपली दालने मांडतात. टपालाची जोखीम टाळून संग्राहक तेथे कार्डे हातोहात सोपवतात.

मात्र या व्यवस्थेचा पहिलाच दाखला सावध करणारा आहे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या कार्डांपैकी बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे कार्ड अतिशय दुर्मीळ. त्यातील एक प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी व त्यांच्या भागीदाराने लिलावात ४,५१,००० डॉलरना घेतली. पीएसएने गुण दिलेले ते पहिले कार्ड. त्यास दहापैकी आठ गुण मिळाले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ मध्ये, ते कार्ड एकेकाळी ज्यांच्या हाती होते ते व्यापारी बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयापुढे कबुली दिली, की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या.

तात्पर्य इतकेच, की मोहोर पारखीला साहाय्य करते, तिची जागा घेत नाही. आता तर नकली डब्याही बाजारात येतात. म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा, नोंदीत छायाचित्र असल्यास कार्ड त्याच्याशी जुळवावे, आणि पक्के बिल देऊन नकली निघाल्यास माल परत घेणाऱ्याकडूनच खरेदी करावी.

मुंबई-पुण्यातील नाणी व नोटांच्या प्रदर्शनांतही अशा सीलबंद वस्तू दिसतात. तेथे एक पथ्य अधिक. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करता येत नाही. आजोबांच्या पेटीतील जुना रुपया श्रेणीसाठी परदेशी धाडण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

विकणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे: खऱ्याच्या नावाखाली नकली किंवा भेसळीचा माल देणे. कापलेली कडा लपवून कार्ड विकणे याहून वेगळे नाही. दोष ठाऊक असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी सांगावा; भाव थोडा उतरेल, पेढीचे नाव उतरणार नाही. हा छंद मुलाला एवढे शिकवून गेला, तरी कार्डांवर झालेला खर्च वसूल झाला असे समजावे.