तारण कशाने? विश्वासाने की कृत्यांनी?

मराठीत 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी हटकून भेटतो: पतपेढीत आणि ख्रिस्ती उपासनामंदिरात. पतपेढीत तारण म्हणजे कर्ज मिळावे म्हणून आपण ठेवलेला दागिना किंवा घराची कागदपत्रे. मराठी बायबलात तारण म्हणजे पापापासून आणि त्याच्या फळापासून सुटका. शब्द एकच, पण व्यवहार अगदी उलटा. पहिल्या ठिकाणी पदरचे काही ठेवल्याशिवाय दमडी मिळत नाही; दुसऱ्या ठिकाणी पदरचे काही ठेवायला गेलात तर ते घेतले जात नाही. तारण देवाच्या कृपेने मिळते, ते विश्वासाने घ्यायचे असते, पुण्यकृत्यांनी कमवायचे नसते, असे ही शिकवण सांगते. आज तिचाच थोडा विचार करू.

ही गोष्ट सर्वांत ठासून मांडली ती पौलाने. हा पौल परुशी पंथातला, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा. नियम पाळून देवापुढे नीतिमान ठरण्याची वाट त्याने स्वतः चालून पाहिली होती. रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो की ती वाट तिथवर पोचत नाही. तारण हे दान आहे, म्हणून कोणी त्याचा तोरा मिरवू नये. येथे 'विश्वास' हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. एखादी गोष्ट खरी मानणे एवढाच त्याचा अर्थ नाही. आपण डॉक्टरवर विश्वास टाकतो म्हणजे काय करतो? डॉक्टर नावाचा माणूस आहे हे नुसते कबूल करीत नाही, त्याच्या हाती स्वतःला सोपवतो. तसा हा विश्वास. म्हणूनच तो पुन्हा एक पुण्यकृत्य ठरत नाही. घेण्यासाठी पुढे केलेल्या हाताला कोणी कमाई म्हणत नाही.

गोवंडीला आमच्या वर्गात हे सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, चांगलं वागायचं कशाला?" मुलगा रात्रपाळी करून शिकणारा, कष्टाशिवाय काही मिळतं हे त्याला पटेना. प्रश्न जुनाच आहे. पौलाला तो त्याच्या हयातीत ऐकावा लागला, आणि रोमकरांच्या पत्रात त्याने त्याला उत्तरही दिले आहे. शिवाय नव्या करारातच याकोबाचे पत्र आहे. ते बजावते की कृत्यांवाचून विश्वास निर्जीव. देव एक आहे हे तर भुतेसुद्धा मानतात. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसे रुचत नसे. १५१७ साली पापमाफीच्या दाखल्यांच्या विक्रीवर त्याने कोरडे ओढले, पुढे 'केवळ विश्वासाने' हे प्रोटेस्टंटांचे ब्रीद झाले, आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली त्याला कॅथलिक उत्तर दिले. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो तो कृपेनेच, आणि सत्कृत्ये ही त्या स्वीकाराची फळे. पंडितांचा वाद तिथे बराचसा निवला. पण अशा शिकवणीचा कस एखाद्या आयुष्यातच लागायचा, आणि तसे एक आयुष्य आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. ते पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि भाविक. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करी, पुराणे सांगे. व्रते, उपास आणि दानधर्म यांत जवळचा पैसा संपला. मग दक्षिणेतल्या दुष्काळाने गाठले. आधी वडील, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण गेली. पुण्य जोडण्यात हयात घालवलेली माणसे मूठभर अन्नावाचून गेलेली या मुलीने सोळा-सतराव्या वर्षी पाहिली. हे लक्षात ठेवले नाही तर पुढचे काही कळायचे नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे ख्रिस्ती संन्यासिनींच्या मठात राहिल्या. याच संन्यासिनींनी फुलम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले होते. ज्यांना आपल्याकडे कोणी उंबऱ्याशीही उभे केले नसते, त्यांना तिथे मायेने सांभाळलेले पाहून रमाबाई हलल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे गंमत पाहा, या धर्माकडे त्यांना ओढले ते कृत्यांनीच!

पण पुढे १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पूर्वी तीर्थे आणि व्रते होती, आता बाप्तिस्मा आणि मंडळीचे नियम आले. मनातली हिशेबाची वही तीच राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला त्यांनी शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. काम जोरात होते, आणि आतून समाधान नव्हते. अशात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ दीक्षा घेतलेला पाद्री. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्याला उमगले की आपला स्वतःचा विश्वास अजून बसलेलाच नाही. आणि बसला तो तिथेच, व्यासपीठावर! श्रोत्यांतला एकजण ओरडला की पाद्रीच पालटला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या बाबतीत काहीसे असेच झाले. पात्र होण्याची वाट न पाहता, आहोत तशा त्यांनी स्वतःला सोपवले.

जुन्या धर्माविषयी लिहिताना रमाबाईंनी कर्म आणि प्रायश्चित्त यांवरच भर दिला, हे मला एकांगी वाटते. कृपेचा विचार आपल्याकडे नव्हता असे नाही. रामानुजांच्या अनुयायांत यावर दोन तट पडले होते. एक म्हणे, माकडाचे पिलू जसे आईला घट्ट धरते तसा जीवाने देवाला धरावे. दुसरा म्हणे, मांजर आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काही करायचे नसते. वारकऱ्यालाही हे नवे नाही. फरक आहे तो असा की ख्रिस्ती विचारात ही कृपा क्रूसावरच्या एका मरणाशी बांधलेली आहे. तारण फुकट मिळते खरे, पण त्याची किंमत कोणी दिलीच नाही असे नव्हे; ती दुसऱ्याने दिली.

शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन दिलेले होते. तेव्हा टीकाकारांचे सारेच चुकले असे मी म्हणणार नाही.

पण पुढचे पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात कृत्यांनी तारण मिळत नाही अशी खात्री पटलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली, बालविधवा घेऊन केडगावला आली. स्वतः दुष्काळात काय पाहिले होते ते ती विसरली नव्हती. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातल्या स्त्रिया आणि मुली दोन हजारांच्या घरात गेल्या. शाळा, माग, शेती, छापखाना असे सगळे तिथे उभे राहिले. दरम्यान रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे त्यांनी मनावर घेतले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. छापील पुस्तक १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली ती केडगावच्या बायकांनी.