बर्फाखालची बखर

दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या अंटार्क्टिका खंडावरील बर्फ झिजत चालला आहे, हें वृत्त आतां वर्तमानपत्रांत इतक्या वेळां येतें कीं, वाचक त्यावरून नुसती नजर फिरवून पुढें जातो. परंतु त्या वृत्तांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो विचारल्यावांचून त्याचा अर्थ पुरता लागत नाहीं. ही झीज सुरू केव्हां झाली? उपग्रहांच्या साहाय्यानें तेथील बर्फाचें बारकाईनें मोजमाप होऊं लागलें तें १९९० नंतरच्या दशकांत. रोगी वैद्यापुढें आला तेव्हां त्याच्या अंगांत ताप होता, एवढेंच यावरून कळतें. ताप भरला कोणत्या दिवशीं आणि कशानें, हें कळल्यावांचून निदान कशाचें करावयाचें?

या प्रश्नाचें उत्तर बर्फांत सांपडत नाहीं, कारण त्या वेळचा बर्फ केव्हांच समुद्रांत जाऊन विरघळला. तें सांपडतें बर्फाखालच्या समुद्राच्या तळाशीं, चिखलांत. तें कसें, हें समजण्यासाठीं प्रथम तेथील रचना ध्यानांत घेतली पाहिजे.

भूमीवर हजारों वर्षें सांचलेला बर्फ स्वतःच्याच भारानें हळूहळू समुद्राकडे सरकतो; या ओघास हिमनदी म्हणतात. किनाऱ्याशीं आल्यावर तो लगेच तुटून पडत नाहीं. तळाची भूमि सोडून तो पाण्यावर तरंगूं लागतो व मागच्या हिमनदीस चिकटलेला असाच पुढें मैलोगणती पसरतो. या तरंगत्या विस्तारास आपण हिमफलक म्हणूं. १८४१ सालीं जेम्स क्लार्क रॉस या इंग्रज नाविकाच्या वाटेंत बर्फाची एक उभी भिंत आडवी आली. ती अशाच एका फलकाची कड होती. त्याच्याच नांवानें ओळखला जाणारा तो फलक विस्तारानें जवळजवळ फ्रान्स देशाएवढा आहे. आपल्या देशाचें तेथील पहिलें ठाणें, दक्षिण गंगोत्री, हेंही १९८३-८४ सालीं एका हिमफलकावरच उभारलें होतें. तें बर्फांत गाडलें गेल्यामुळें १९९० सालीं सोडून द्यावें लागलें. नंतरचीं मैत्री व भारती हीं ठाणीं खडकावर बांधलीं.

ज्या रेषेवर बर्फाचा तळ भूमि सोडतो तिला आधाररेषा म्हणूं. साऱ्या प्रकरणाचें मर्म या रेषेंत आहे. तरंगता बर्फ वितळल्यानें समुद्र फारसा चढत नाहीं. पेल्यांतील बर्फाचा खडा विरघळला म्हणून पेला उतूं जात नाहीं, हें मुलेंही जाणतात. पण हिमफलक हा मागच्या हिमनदीस अडसरासारखा असतो. वाटेंत तळावर एकादा उंचवटा असला तर फलक त्यावर टेकतो आणि मागचा सारा लोंढा थोपून राहतो. ती टेकण सुटली कीं आधाररेषा मागें सरते आणि भूमीवरचा बर्फ अधिक वेगानें समुद्रांत येतो. समुद्र चढतो तो यामुळें. पश्चिम अंटार्क्टिकेंत आणखी एक गोष्ट प्रतिकूल आहे. तेथें बर्फाखालची भूमि समुद्रसपाटीच्या पुष्कळ खालीं असून, आंत जावें तों ती अधिकच खोल होत जाते. उतारावर मागें घसरणाऱ्यास पाय रोवावयास जागा मिळूं नये, तशी तेथील आधाररेषेची स्थिति आहे.

या घडामोडींची नोंद गाळ ठेवतो. बर्फ भूमीवर टेकलेला असतां त्याच्या भाराखालीं माती, वाळू, गोटे हीं सारीं एकत्र चेंगरून त्यांचा घट्ट लगदा होतो. आधाररेषा मागें सरून तेथें समुद्राचें पाणी शिरलें कीं त्या लगद्यावर जाडीभरडी वाळू पडूं लागते. रेषा आणखी दूर गेली कीं केवळ बारीक चिखल संथपणें बसतो. वरचा फलकही नाहींसा होऊन पाण्यांत सूर्यप्रकाश पोंचला, तर डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पति तेथें विपुल वाढतात व त्यांचीं कांचेसारखीं कवचें तळाशीं सांचतात. म्हणून थर खालून वर वाचीत गेलें असतां बर्फ केव्हां टेकलेला होता, केव्हां सुटला आणि केव्हां गेला, हें क्रमानें कळतें. आमच्या मतें यास बखर हेंच नांव शोभतें. मात्र या बखरकारानें कोणा धन्याची भीड धरलेली नाहीं.

या बखरीचें एक पान विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगें आहे. पाईन आयलंड नांवाची हिमनदी पश्चिम अंटार्क्टिकेंत आमुंडसेन समुद्रास मिळते. २००९ सालीं इंग्रज शास्त्रज्ञांनीं 'ऑटोसब' नांवाचें मनुष्यरहित पाणबुडें यंत्र तिच्या फलकाखालीं सोडलें, तेव्हां समुद्रतळावर एक मोठा आडवा कणा असल्याचें आढळलें. फलक आतां त्या कण्याच्या वर तरंगत होता. म्हणजे एके काळीं हिमनदी त्यावर टेकून होती. ती सुटली केव्हां, हें पाहण्यासाठीं २०१२-१३ च्या तेथील उन्हाळ्यांत शास्त्रज्ञ त्या फलकावर जाऊन राहिले.

पायाखालीं सुमारें ४५० मीटर जाडीचा बर्फ. त्यास भोंक पाडावयाचें तें गिरमिटानें नव्हे, कढत पाण्यानें. तेथलाच बर्फ वितळवून तें पाणी बंबांत तापवितात आणि लांबलचक नळीच्या तोंडून त्याचा झोत खालीं सोडीत जातात. एवढ्या खटाटोपानें पडलेलें भोंक हातभरही रुंद नसतें, आणि त्याच्या भिंती लागलीच पुन्हां गोठूं लागतात. तें बुजण्यापूर्वीं दोरानें नळकांडें खालीं सोडून, मधलें पाणी ओलांडून, तळाच्या गाळाची कांडी न विस्कटतां वर काढावयाची असते.

कांडी हातीं आली, तरी तींतील थरांस सन-संवत् कोठून आणावयाचें? जुन्या वस्तूंचें वय कार्बनाच्या किरणोत्सर्गी जातीवरून काढतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. ती रीत येथें लंगडी पडते. तेथील गाळांत शिंपले विरळा, बर्फानें खरवडून आणलेला जुनाट कार्बन त्यांत मिसळलेला, आणि शंभर वर्षांसारखा अल्प काळ मोजण्यास तें घड्याळ फारच सावकाश चालणारें. म्हणून शास्त्रज्ञांनीं शिशाचा आश्रय केला. शिशाची २१० या अंकानें ओळखली जाणारी एक जात पाण्यांतून गाळाबरोबर तळाशीं बसते आणि सुमारें २२ वर्षांनीं निम्मी होते. वरच्या थराच्या निम्मी ती ज्या थरांत सांपडेल तो साधारणपणें २२ वर्षांचा, पाव सांपडेल तो ४४ वर्षांचा. श्रेढीगणित शिकलेल्या मुलास हा हिशेब अवघड जाऊं नये. याच्या जोडीला दुसरा साक्षीदार प्लुटोनियमचा. अणुबाँबच्या चांचण्यांमुळें हें द्रव्य १९५० नंतर जगभर पसरलें व तेथेंही पोंचलें. मनुष्यानें भूमीवर केलेल्या कृत्याचा शिक्का साडेचारशें मीटर बर्फाखालच्या चिखलावर उमटावा, ही गोष्ट आम्हांस त्या सर्व शोधाइतकीच विलक्षण वाटते.

२०१७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कण्याच्या माथ्यापलीकडे समुद्राचें पाणी शिरलें तें १९४५ च्या सुमारास, बारा वर्षें मागेंपुढें धरून. आणि बर्फ त्या कण्यावरून पूर्णपणें सुटला तो १९७० च्या सुमारास, चार वर्षें मागेंपुढें धरून. या पहिल्या घटनेच्या थोडें आधीं पश्चिम अंटार्क्टिकेंत उष्म्याचा एक काळ येऊन गेला होता. त्याचा संबंध प्रशांत महासागरांतील एल निनोशीं आहे. १९३९ ते १९४२ या काळांतील एल निनो प्रबळ होता; १९४१ सालीं आपल्याकडेही पर्जन्यमान तुटीचें होतें.

पण खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. तो उष्म्याचा जोर ओसरला, तरी बर्फ परत येऊन टेकला नाहीं. माघार चालूच राहिली. कारण निवृत्त झालें, कार्य निवृत्त झालें नाहीं. कुंभारानें दांडा काढून घेतला तरी चाक कांहीं काळ फिरत राहतें, हा आपल्या शास्त्रकारांचा दृष्टांत येथें आठवतो. पण तो पुरता लागू पडत नाहीं. कुंभाराचें चाक हळूहळू थांबतें. आंतल्या खोल उतारावर सरणारा बर्फ थांबेल असें मानण्यास तसें कारण नाहीं.

आरंभ निसर्गानें केला, तेव्हां मनुष्य निर्दोष, असा युक्तिवाद यावर कोणी करील. आम्हांस तो पटत नाहीं. लहानमोठे एल निनो पूर्वींही येत होतेच, आणि तरी १९४५ पर्यंत ती हिमनदी कण्यावर टेकलेली होती. याच वेळीं तिला पुन्हां टेकतां कां आलें नाहीं, हें त्या युक्तिवादानें सुटत नाहीं. शिवाय शेजारच्या थ्वेट्स हिमनदीसमोरचा गाळ तपासून २०२४ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, तिचीही मोठी माघार त्याच १९४० च्या दशकांत सुरू झाली. एकटीच्या घरचें कारण असतें तर दोघी एकदम निघाल्या नसत्या.

अन्यत्रचे थर निराळ्या गोष्टी सांगतात. २००२ सालीं लार्सन-बी या फलकाचा सव्वातीन हजार चौरस किलोमीटर भाग कांहीं आठवड्यांत फुटून गेला. त्याखालचा तळ प्रथमच उघडा पडला; तेथील गाळावरून २००५ सालीं असें दिसून आलें कीं, तो फलक गेलीं सुमारें दहा हजार वर्षें अखंड होता. उलट उत्तरेकडील प्रिन्स गुस्ताव फलक पांच ते दोन हजार वर्षांपूर्वींच्या काळांत एकदां नाहींसा होऊन पुन्हां झाला होता. सर्वांस एकच माप लावणें बरें नव्हे.

याहून फार जुनीं पानें मॅकमर्डो फलकाखालीं मिळालीं. तेथें २००६-०७ सालीं समुद्रतळांत १२८५ मीटर खोल वेध घेतला. गेल्या पन्नास लाख वर्षांत तेथील बर्फ अनेक वेळां पुढें आला व मागें गेला. सुमारें ३० ते ५० लाख वर्षांपूर्वीं ही ये-जा साधारण चाळीस हजार वर्षांच्या तालानें चाले. हा ताल पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्याचा आहे, ज्यास आपले ज्योतिषी परमक्रांति म्हणत. सूर्यसिद्धांतांत ती २४ अंश धरली आहे. आज ती २३ अंश २६ कलांच्या जवळ आहे. त्या जुन्या काळीं हवेंत कर्बाम्लवायु दहा लाख भागांत सुमारें ४०० होता, आणि मधून मधून फलक जाऊन तेथें उघडा समुद्र पसरे, असें डायाटमांचे जाड थर सांगतात. आज हवेंतील तोच आंकडा ४०० च्या वर गेला आहे. पश्चिम अंटार्क्टिकेंतील अस्थिर बर्फ शतकांच्या ओघांत गेलाच, तर समुद्र सरासरी तीन मीटरांहून अधिक चढेल. मुंबईचा बराच भाग भरावावर वसलेला आहे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

थ्वेट्ससमोरील तळाचें चित्र २०१९ सालीं 'रान' नांवाच्या स्वीडिश पाणबुड्या यंत्रानें घेतलें. शेतांतल्या वरंब्यांसारखे दीडशेंहून अधिक समांतर उंचवटे त्यांत दिसले. रोज भरतीबरोबर बर्फ उचलला जाई, ओहोटीबरोबर थोडा मागें टेके, आणि दर दिवशीं एक वरंबा उठे. ते मोजल्यावर असें निघालें कीं, गेल्या दोनशें वर्षांत केव्हां तरी सहा महिन्यांहून कमी अवधींत ती हिमनदी वर्षास दोन किलोमीटरांहून अधिक या वेगानें मागें सरली होती. उपग्रहांनीं तेथें मोजलेल्या वेगाहून हा वेग जास्त आहे. तेंच यंत्र पुढें डॉटसन फलकाखालीं पाठविलें. २०२२ सालीं तें तेथून उत्तम माहिती घेऊन आलें, पण २०२४ सालीं पुन्हां आंत गेलें तें परत आलें नाहीं.