व्यायामातील कॅलरी : वजन आणि तंदुरुस्ती

व्यायामातील ऊर्जाखर्च मोजण्यासाठी शरीरक्रियाशास्त्रात ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरते असे मानून त्या पातळीला १ मेट म्हणतात, आणि त्याचा अर्थ ढोबळमानाने दर किलोमागे तासाला एक किलोकॅलरी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एक कॅलरी, असा होतो. ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या चालण्याला साधारण ३.५ मेट धरले, तर तासाभरात ६० किलोची व्यक्ती सुमारे २१० आणि ९० किलोची व्यक्ती सुमारे ३१५ कॅलरी खर्च करते. मात्र नुसते बसूनही झालाच असता असा अनुक्रमे ६० व ९० कॅलरींचा खर्च या आकड्यांत मिसळलेला असतो, ही बाब फार वेळा नजरेआड होते. सपाट रस्त्यावरील सायकलिंगमध्ये शरीराचा भार सीट पेलत असल्याने वजनाचा प्रभाव बराच कमी असतो.

तंदुरुस्तीचे गणित वेगळे आहे. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, त्यामुळे तोच वेग राखताना नाडी मंद राहते आणि धाप कमी लागते. परंतु तेवढ्याच वजनाच्या नवख्या माणसाच्या तुलनेत चालण्याला लागणारा प्राणवायू फारसा घटत नाही, म्हणून धाप कमी लागली की कॅलरीही कमी खर्च झाल्या हा समज चुकीचा आहे. उलट सरावलेली व्यक्ती अधिक वेग अधिक काळ टिकवू शकत असल्याने तिचा एकूण खर्च वाढू शकतो. वजन उतरल्यावर मात्र त्याच फेरीतला खर्च कमी होतो, तेव्हा ट्रेडमिलवर किंवा स्मार्टवॉचमध्ये नोंदवलेले वजन वाचकांनी वेळोवेळी बदलून घ्यावे.