शस्त्रक्रियेची रंगीत तालीम

नागपूरच्या कळमना बाजारांत संत्र्यांचा हंगाम भरांत आला म्हणजे पहाटेपासून गाड्यांची रीघ लागते. दोन दिशांनीं आलेल्या गाड्या एकाच तोंडावर समोरासमोर भिडल्या, कीं रस्ता रुंद असूनहि माल अडतो. दोन्ही वाटा थोड्या मागेंपुढें ठेवल्या तर खोळंबा टळतो. पण मग एका वाटेचा सारा माल एकाच बाजूच्या ओट्याकडे वळण्याचा संभव असतो. वाटा कशा जोडाव्या, हा प्रश्न बाजारांत फार तर एका दिवसाच्या नुकसानीचा असतो. तोच प्रश्न एकाद्या बालकाच्या हृदयापाशीं उभा राहिला, तर त्याच्या साऱ्या आयुष्याचें भवितव्य उत्तरावर अवलंबून असतें.

हृदयांत दोष घेऊन जन्माला येणारीं मुलें आपल्याला वाटतें तितकीं विरळा नाहींत. दर हजार जन्मांमागें सुमारें आठ मुलांत असा कांहीं ना कांहीं दोष आढळतो. पुष्कळांच्या हृदयांत केवळ एक छिद्र असतें. तें कधीं आपोआप बुजतें, कधीं बुजवावें लागतें. परंतु कांहीं थोड्या मुलांचा दोष फार बिकट असतो. निरोगी हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकीं उजवा अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे लोटतो व डावा शुद्ध रक्त सर्व शरीरांत खेळवितो. या मुलांत कामाचा असा एकच कप्पा असतो. शुद्ध व अशुद्ध रक्त एकत्र मिसळतें आणि मुलाचे ओठ व नखें निळसर दिसूं लागतात.

यावर फ्रान्समधील बोर्दो येथील शल्यवैद्य फ्रान्सिस फाँतां यांनीं १९६८ सालीं एक धाडसी उपाय केला. आहे तो एक कप्पा शरीरासाठीं राखून ठेवावा आणि अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसांत न्यावें, अशी ही कल्पना. तिच्या आजच्या रूपांत वरची महाशिरा फुप्फुसांच्या धमनीला जोडतात आणि खालची महाशिरा एका नळीनें तेथेंच आणतात. हें सर्व एकदम न करतां लहानपणीं टप्प्याटप्प्यानें केलें जातें. यांतील अडचण अशी, कीं फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तामागें आतां पंप उरत नाहीं. तें केवळ शिरांतील दाबाच्या व श्वासाच्या ओढीच्या बळावर वाहतें. त्यामुळें जोडापाशीं दोन प्रवाह समोरासमोर आदळून वाया गेलेली थोडीशी शक्तीहि महाग पडते.

मग नळी थोडी बाजूला सारून कां जोडूं नये? तसें केल्यास शक्ति वाचते खरी. पण खालून येणाऱ्या रक्ताबरोबर यकृताकडून फुप्फुसांना आवश्यक असें कांहीं द्रव्य येत असतें. तें रक्त एकाच फुप्फुसाकडे गेलें, तर दुसऱ्या फुप्फुसांत विकृत वाहिन्या तयार होतात. त्यांतून रक्त प्राणवायु न घेतांच परत फिरतें व मूल पुन्हा निळें पडूं लागतें. शक्ति वांचवावी तर वांटणी बिघडते, वांटणी साधावी तर शक्ति खर्चते, असा हा पेंच आहे.

शिंपी भारी कापड कातरण्यापूर्वीं कागदावर बेत करतो. शल्यवैद्यांनाहि अशा तालमीची गरज पूर्वींपासून भासत आली आहे. १९४४ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें आल्फ्रेड ब्लालॉक यांनीं निळ्या पडणाऱ्या बालकांवर पहिली शस्त्रक्रिया केली, तीपूर्वीं त्यांचे साहाय्यक व्हिव्हियन टॉमस यांनीं प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर तिचा दीर्घकाळ सराव केला होता. परंतु कुत्र्याचें हृदय म्हणजे त्या विशिष्ट बालकाचें हृदय नव्हे.

ती उणीव संगणकानें भरून काढण्याचा यत्न केला आहे. प्रथम चुंबकीय यंत्रानें किंवा क्ष-किरणांच्या सहाय्यानें त्या मुलाच्या रक्तवाहिन्यांचा तिन्ही मितींतला आकार घेतात. संगणकांत त्या आकाराचे लाखों सूक्ष्म तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यांतून रक्त किती वेगानें व कोणत्या दाबानें वाहील, हें द्रवांच्या गतीच्या नियमांनीं काढतात. हे नियम नाव्हिए व स्टोक्स या गणितज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांतच मांडले होते. पण एवढी आकडेमोड माणसाच्या हातून होणें शक्य नव्हतें. आतां नळी कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे, कधीं तिरपी जोडून पाहतां येते, आणि प्रत्येक वेळीं शक्ति किती गेली व यकृताकडील रक्त कसें वांटलें गेलें, तें समजतें. लंडनचे शल्यवैद्य मार्क द लव्हाल यांनीं मिलानच्या अभियंत्यांसह १९९६ सालीं अशा गणिताचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढें दोन फांट्यांच्या नळीची कल्पनाहि प्रथम संगणकावर तपासली गेली व मागाहून प्रत्यक्ष मुलांवर योजिली गेली. ती कांहींना लाभली. कांहींच्या बाबतींत साध्या नळीहून सरस ठरली नाहीं. यावरून मिळालेला धडा मोलाचा आहे: सर्वांना चालेल अशी एकच उत्तम जोडणी नाहीं, गणित ज्याचें त्याच्यापुरतें मांडावें लागतें.

तथापि या तालमीला मर्यादा आहेत. चित्र मूल स्वस्थ निजलें असतां घेतलें जातें. तें पुढें धांवणार, वाढणार. शिवाय संगणकांतील टांका व हातानें घातलेला टांका तंतोतंत जुळतीलच असें नाहीं. निर्णय अखेर शल्यवैद्याच्या अनुभवाचा. संगणक केवळ सल्लागार.

आणि दोष वेळीं ओळखला गेला नाहीं, तर उत्तमांतलें उत्तम गणितहि निरुपयोगी. दूध ओढतांना बाळाला धाप लागणें, कपाळावर घाम येणें, वजन न वाढणें, रडतांना ओठ काळेनिळे होणें, हीं लक्षणें दिसतांच दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओंवाळीत बसूं नये, डॉक्टरांकडे जावें. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. पाटीवर चुकलेलें गणित पुसून पुन्हा मांडतां येतें. बालकाच्या हृदयावर चुकलेलें सुधारणें फार कठीण. म्हणून जी चूक व्हावयाची ती पाटीवरच व्हावी, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.