आरशांतून ऊन येणारे गाव

नॉर्वे देशातील तेलेमार्क प्रांतात, एका अरुंद दरीच्या तळाशी, रियुकान नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. दरीच्या दोन्ही अंगांस उंच डोंगर असून त्यांतील गाउस्ता हे शिखर १,८८३ मीटर उंच आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत या गावात सूर्याचे किरण पोहोचत नाहीत. याचे कारण भूगोलाच्या विद्यार्थ्यास सहज उमगेल. रियुकान जवळजवळ ६० उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी तेथील सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा-सात अंश वर येतो; त्याच दिवशी आपल्या इंदुरात तो सुमारे ४४ अंश वर असतो. इतक्या खालून चालणाऱ्या सूर्यास दक्षिणेकडचे डोंगर ओलांडणे कोठून साधणार? आकाश उजळते, समोरच्या उंच उतारावर ऊनही दिसते. अंगणात मात्र ते उतरत नाही.

मग अशा ठिकाणी गाव वसले कसे? धबधब्यामुळे. हवेतील नत्रवायूपासून विजेच्या ठिणगीने खत बनविण्याची रीत बिर्केलान व साम आयदे या दोघा नॉर्वेजियनांनी शोधली, आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली. या रीतीस वीज अतोनात लागे आणि त्या काळी ती दूर वाहून नेणे परवडत नसे. तेव्हा धबधब्यापाशी कारखाना आला व कारखान्यामागून माणसे आली. १९११ मध्ये सुरू झालेले येथील वेमोर्क वीजगृह त्या वेळी जगातील सर्वांत मोठे जलविद्युतगृह होते. (दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या फेब्रुवारीत, याच ठिकाणचा जड पाण्याचा कारखाना नॉर्वेच्या धाडसी सैनिकांनी उडवून दिला, पण ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.)

आरशाने ऊन खाली आणावे, ही कल्पना १९१३ सालीच गावातल्या एका हिशेबनिसाने मांडली होती. ती त्या काळी साधली नाही. म्हणून १९२८ मध्ये कंपनीने दोरमार्ग बांधून माणसांनाच उन्हात नेण्याची सोय केली. तो पाळणा आजही चालतो. अखेर २०१३ च्या ऑक्टोबरात डोंगरावर, चौकापासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, तीन प्रचंड आरसे बसले. सूर्य जितका सरकेल त्याच्या निम्म्या कोनाने आरसा वळला, तर परावर्तित किरण एकाच जागी पडतो. हे वळविण्याचे काम संगणक करतो. चौकाचा सुमारे ६०० चौरस मीटर भाग त्यामुळे उजळतो, आणि लोक तेथे उभे राहून ऊन खातात.

पण ऊन आले तरी पोटाचे काय? खताचा उद्योग येथून गेला, १९९१ मध्ये रेल्वेही बंद झाली. आता येथे राहून दूरच्या कचेरीचे काम करणारी माणसे दिसतात. घरच्या कचेरीस नॉर्वेजियन भाषेत ‘येम्मेकोंटोर’ म्हणतात. २०२० च्या महामारीत तो शब्द घरोघरी झाला. पूर्वी कामाच्या मागे माणसाला यावे लागे. आता तारेतून कामच माणसाकडे येते. मात्र घरी बसला म्हणून नोकराचे हक्क बुडू नयेत, यासाठी तेथे २००२ पासून नियम असून २०२२ मध्ये ते सुधारण्यात आले. मालकाशी लेखी करार करावा लागतो, आणि कामाचे तास ठरलेले असतात.

या जीवनात सुख आहे तशी अडचणही आहे. दाराबाहेर बर्फावर घसरण्याचे मैदान. पण रविवारी बहुतेक दुकाने बंद, आणि ऑस्लो मोटारीने सुमारे तीन तासांवर. सहकारी भारतात असेल, तर हिवाळ्यात रियुकानला सकाळचे आठ वाजतात तेव्हा भारतात साडेबारा झालेले असतात. शिवाय परिचारिका, शिक्षक, रस्त्यावरचे बर्फ उपसणारा चालक यांचे काम तारेतून होत नाही. त्यांना गावातच राहावे लागते. मला तर दूरकामाची खरी कसोटी येथेच वाटते. नॉर्वेत माणूस जेथे राहतो तेथील नगरपालिकेस त्याच्या प्राप्तिकराचा वाटा मिळतो. ऑस्लोची नोकरी सांभाळून एखादे कुटुंब रियुकानला राहिले, तर तो वाटा रियुकानच्या नगरपालिकेकडे येतो, त्या कुटुंबाची मुले येथील शाळेच्या पटावर लागतात, आणि त्या शाळेच्या शिक्षकाचीही नोकरी टिकते.