जाण

आज सकाळी तुम्ही चहा प्यायलात ना? मग सांगा पाहू, तो चहा कोणी केला? तुम्ही लगेच म्हणाल, "अम्मीने." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

चहातल्या दुधाचाच विचार करा. आपल्या मलकापूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पहाटे पाच वाजता एखादी बाई उठते. बाहेर पाऊस असतो, धुके असते. ती गोठ्यात जाते, शेण काढते, म्हशीपुढे वैरण टाकते आणि धार काढते. मग किटली घेऊन डेअरीला दूध घालायला जाते. तेथे दुधाचे माप होते, फॅट तपासतात, वहीत नोंद होते. संध्याकाळी पुन्हा हेच. म्हैस दोन वेळा दूध देते, म्हणून या बाईला वर्षातून एकही सुट्टी नसते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली तरी मुक्काम करता येत नाही. धारेच्या वेळेला घरी परतावेच लागते. कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. ‘गोकुळ’ या नावाने आपण तो ओळखतो. त्याचे मोठमोठे टँकर आपण रस्त्यावर पाहतो, पण त्या टँकरमधले दूध अशा हजारो किटल्यांतून आलेले असते.

साखरेचे तसेच. आपल्या जिल्ह्यातला ऊस तोडायला दरवर्षी बीडकडून मजूर येतात आणि हंगामभर पालात राहतात. चहाची पाने त्याहून दुरून, आसामातून किंवा निलगिरीवरून येतात. तेथे मळ्यातल्या बाया दोन कोवळी पाने आणि एक कळी अशी खुडणी करतात. एक कप चहा आपल्या हाती येईपर्यंत किती हात लागले, याची मोजदाद करू लागलो तर चहा थंड होऊन जाईल!

तुमच्या उर्दूच्या पुस्तकात ‘शुक्र’ हा शब्द तुम्ही अनेकदा वाचला आहे. मराठीत त्यासाठी ‘कृतज्ञता’ हा शब्द आहे. शब्द अवघड दिसतो, पण फोडला की सोपा होतो. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी दुसऱ्याने जे केले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. याच्या उलट ‘कृतघ्न’. उर्दूत आपण त्याला ‘एहसानफरामोश’ म्हणतो. फरामोश म्हणजे विसरलेला. पाहा, एक भाषा म्हणते जाणणे आणि दुसरी म्हणते विसरणे. पण दोघी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. साध्या बोलण्यात मराठी माणूस ‘कृतज्ञता’ म्हणतही नाही. तो म्हणतो, "त्याला जाण आहे." मला हा छोटा शब्दच अधिक आवडतो.

ज्याला जाण नसते, त्याच्यासाठी मराठीत एक मजेदार वाक्प्रचार आहे : खाल्ल्या घरचे वासे मोजणे. वासे म्हणजे कौलारू छपराखालचे लाकडी दांडे. ज्या घरी पोटभर जेवलो, तेथेच वर मान करून छपरात काय उणे आहे ते पाहत बसायचे! जाण असणारा माणूस मात्र खाल्ल्या मिठाला जागतो. उर्दूतले ‘नमकहलाल’ तुम्हांला आठवले असेलच.

पण जाण ठेवायची म्हणजे काय करायचे? रोजच्या धावपळीत ती राहत नाही, निसटून जाते. म्हणून जगभरच्या लोकांनी काही छोटे रिवाज तयार केले. आपण जेवणाआधी बिस्मिल्ला म्हणतो आणि जेवण झाल्यावर अलहम्दुलिल्लाह म्हणतो. रस्त्यात पोळीचा तुकडा दिसला तर आपल्या घरांतली मोठी माणसे तो उचलून भिंतीवर ठेवतात, पाखरू तरी खाईल म्हणून. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत अन्नाला चुकून पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करतात. जपानी लोक जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणतात, म्हणजे मी नम्रपणे घेतो. जेवणानंतर ते ‘गोचिसोसामा’ म्हणतात. त्या शब्दात ‘चिसो’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे धावपळ. तुम्ही माझ्या जेवणासाठी इकडे तिकडे धावलात, हे मी जाणतो, असा त्याचा भाव. इतक्या दूरच्या देशातला हा शब्द, पण ऐकताच आपल्या अम्मीची सकाळची धावपळ डोळ्यांपुढे येते.

काही रिवाज रोजचे असतात, काही वर्षातून एकदाचे. आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा भागात आषाढी पौर्णिमेला बेंदूर येतो. इतर ठिकाणी श्रावण अमावास्येला पोळा असतो, त्याचाच हा भाऊ. माझ्या दादांकडे बैलजोडी होती. (मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ, पण येथे मी अब्बांच्या वडिलांविषयी बोलते आहे.) आमच्या घरी पूजा नव्हती, पण बेंदराच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू चढवायचे नाही, हा नियम दादांनी कधी मोडला नाही. सकाळी ते बैलांना शाळी नदीवर नेत आणि घासून घासून धूत. शिंगे रंगवायचे काम आम्हां मुलांकडे असे. शेजारच्या काकू पुरणपोळी घेऊन येत, ती आधी बैलांना आणि मग आम्हांला. एकदा मी हट्ट धरला, "आधी मला!" दादा रागावले नाहीत. त्यांनी माझा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला. तेथली कातडी जाड आणि खरबरीत झाली होती. "हे जुवाने झालेय," एवढेच ते म्हणाले. मी मुकाट्याने पोळी बैलापुढे धरली.

आता दादा नाहीत आणि बैलजोडीही नाही. बऱ्याच शेतांत आता ट्रॅक्टर चालतो. घरोघरी मातीचे बैल आणतात, त्यांनाही रंग असतो. मात्र मातीच्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून काही कळत नाही.

बैलाच्या खांद्यावरून मी पोळीचा धडा शिकले, पण भाकरीचा धडा शिकायला मला फार उशीर झाला. नववीत असताना मी अम्मीला डबा परत दिला होता. "रोज रोज नाचणीची भाकरी! मला नको." ती काही बोलली नाही. पुढे बी.एड.ला असताना मी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिले आणि एक दिवस हौसेने नाचणीची भाकरी करायला बसले. उकड घेतली, पीठ मळले, थापायला लागले तर कडा फाटल्या. उचलली तर मोडली. तव्यावर गेली ती जळाली आणि आत कच्ची राहिली. बोट भाजले ते वेगळेच. अम्मी रोज पहाटे सहा जणांच्या भाकरी करत होती आणि मी त्या कधी नीट पाहिल्याही नव्हत्या. रात्री मी फोन करून तिला सारे सांगितले. मला रडू येत होते. ती हसून म्हणाली, "पाणी कमी पडले असेल."

पाण्यावरून आठवले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा मी कोल्हापुरात माझ्या खालाकडे अडकले होते. (खाला म्हणजे मराठीत मावशी.) रस्ते बंद होते. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रेच पुरात बुडाली होती. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही! टँकर आला की आम्ही बादल्या घेऊन धावायचो. काही दिवसांनी नळ सुरू झाला, तेव्हा पहिले पाणी गढूळ होते, तरी खालाने नळाखाली हात धरला आणि नुसती उभी राहिली. आजही ती नळ बंद करताना तोटी दोनदा पिळून पाहते. माझ्या मते तिचा तोही एक रिवाजच आहे.

याविषयी शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलफ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल शुक्र मानावा अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहायच्या. हे दहा आठवडे चालले. शेवटी पहिल्या गटातली मुले आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळली, दुखण्याखुपण्याच्या त्यांच्या तक्रारी कमी होत्या आणि ती व्यायामही जास्त करत होती.

हे वाचून मी माझ्या वर्गातही तसे लिहायला सांगितले. एका मुलाने कोरा कागद दिला. मी विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, आज घरात चूल पेटली नाही." मला माझीच लाज वाटली. उपाशी मुलाला शुक्र मान म्हणणे सोपे असते आणि ते वाईटही असते. मिळेल त्यात गप्प बैस, असे कोणी तुम्हांला सांगत असेल तर ती कृतज्ञता नव्हे. तो मुलगा जाण शिकण्यात कमी पडला नव्हता. त्याच्या घरी चूल नाही, हे न जाणण्यात मी कमी पडले होते. मळ्यात चहा खुडणाऱ्या बाईला रास्त मजुरी मिळते का आणि पालातल्या मजुराची मुले शाळेत जातात का, हे विचारणे जाणेतच येते. त्या दिवसापासून मी डब्यात दोन भाकरी जास्त आणते, त्याही मीच थापलेल्या. अजून थोड्या फाटतात.

त्याच वर्गातल्या एका मुलीने कागदावर एकच ओळ लिहिली होती : ‘एस.टी.चे कंडक्टर काका पावसात माझ्यासाठी गाडी थांबवतात.’ ती घाटाकडच्या एका वस्तीवरून येते. बांधावरून धावत रस्त्यापर्यंत यायला तिला रोज दोन मिनिटे उशीर होतो. मी म्हटले, "हे तू त्यांना कधी सांगितलेस का?" ती गोंधळली. दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना तिने सलाम केला आणि म्हटले, "काका, तुम्ही थांबता म्हणून माझी शाळा चुकत नाही." कंडक्टरांना काय बोलावे ते सुचेना. त्यांनी तिकिटांची बॅग उगाच सारखी केली आणि घंटीची दोरी ओढली. रोजच्यापेक्षा जरा जोरातच ओढली, असे तिचे म्हणणे आहे.