तारे तेच, फूटपट्टी बदलती

वाईत तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा तिथल्या घरांना थंडावा मिळायचा तो वाड्यांच्या जाड भिंतींचा आणि कृष्णेवरून येणाऱ्या वाऱ्याचा. आता नव्या इमारतींच्या बाहेर एसीचे डबे टांगलेले दिसतात आणि दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती स्टारचा?’ वीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं आहे.

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ साली ताऱ्यांची योजना सुरू केली. एसीवर तारे छापणं २०१० च्या जानेवारीपासून सक्तीचं झालं. हिशेब सरळ होता. यंत्र खोलीतून किती वॅट उष्णता बाहेर काढतं, त्याला ते किती वॅट वीज घेतं त्याने भागायचं. हा भागाकार म्हणजे ईईआर.

वीज मोजायला मीटर आहे. बाहेर काढलेली उष्णता कशी मोजायची? प्रयोगशाळेतली युक्ती मला फार आवडते. शेजारी शेजारी दोन बंद खोल्या, मधल्या भिंतीत एसी. आतली खोली २७ अंशांवर, बाहेरची ३५ वर, आर्द्रताही ठरलेली. एसी आतली खोली गार करत राहतो आणि तिथलेच हीटर व वाफ सोडणारं यंत्र तिला पुन्हा मूळपदावर आणत राहतात. तापमान हलेनासं झालं की त्या हीटरांनी आणि वाफेने आत किती उष्णता ओतली ते वाचायचं. तेवढीच एसीने बाहेर काढली. घरी हे जमत नाही. जाळीतून येणाऱ्या हवेला थर्मामीटर लावून अर्धंच कळतं, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो आणि एक लिटर पाणी काढायला जवळपास पाऊण युनिटाइतकी उष्णता खेचावी लागते. मुंबईत नळीतून धार लागते. वाईच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती थेंबाथेंबाने गळते.

ईईआरची तत्त्वतः मर्यादा किती? २७ आणि ३५ अंशांमध्ये आदर्श यंत्राचा आकडा ३७ च्या वर जातो. पण गार नळ्या साधारण १० अंशांवर आणि तापलेल्या ५० च्या आसपास ठेवल्याशिवाय उष्णता झटपट सरकत नाही. त्या दोन तापमानांत आदर्श आकडाच सातवर येतो. म्हणजे तीन-चार मिळवणारं यंत्र वाटतं तितकं नालायक नव्हे.

२०१० मध्ये ३.१ ईईआरच्या स्प्लिटला पाच तारे मिळत. २०१४ मध्ये पाच ताऱ्यांसाठी ३.५ लागू लागले. दरम्यान २०१२ साली गोदरेजने, सुटला तरी वातावरण फारसं न तापवणाऱ्या, प्रोपेनवर चालणारा एसी आणला. त्यांचा कारखाना खंबाटकीपलीकडे शिरवळला. तारा फक्त वीज मोजतो, गॅस हवेत सुटला तर वातावरण किती तापेल याचा त्यात हिशेब नाही, हे त्यानिमित्ताने लक्षात यावं. आलं थोड्यांच्याच.

खरा बदल २०१८ चा. इन्व्हर्टर एसी दिवसभर पूर्ण जोरात चालत नाही, मग त्याला ३५ अंशांच्या एकाच कसोटीवर का तोलायचं? म्हणून आयएसईईआर, म्हणजे हंगामी ईईआर, सक्तीचा झाला. पूर्ण आणि अर्ध्या भारावरची मोजमापं घेऊन, २४ ते ४३ अंशांमधल्या वर्षभराच्या १६०० तासांचा हिशेब. त्यात ३.१ ला एकच तारा. जुलै २०२२ मध्ये किमान आकडा ३.३ झाला आणि पाच ताऱ्यांसाठीचा ५. पद्धत वेगळी असल्याने आकड्याला आकडा लावून ताडता येत नाही, पण दुकानदाराने ‘फाइव्ह स्टार’ म्हटलं की लेबलवरचं साल आधी पाहावं. २०२० पासून नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवर लावून येतात. रिमोट हाती आला की आपण ते १८ वर नेतो ती गोष्ट निराळी.

ते १६०० तास साऱ्या देशासाठी आहेत. वाईत एसी दुपारपुरता, तोही एप्रिल-मेमध्ये लागतो. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचलं तर त्याहून कमी. घरात तो ४०० तासच चालणार असेल, तर लेबलवर दिसणारा तीन आणि पाच ताऱ्यांच्या युनिटांमधला फरक साधारण चौथाईवर येतो, आणि जादा मोजलेले पैसे वसूल व्हायला चौपट वर्षं लागतात. वाईसाठी मी तीन ताऱ्यांचाच घेईन.